बेवारस गाड्यांची गजाल

बेवारस हा शब्द मला लहानपणापासून विचित्र वाटत आलाय. ज्याला वारस नाही ते बेवारस. पण आमच्या सिंधुदुर्गात वारस नसलेली वस्तू शोधून दाखवा बघू! इथे एकेका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं असतात. एका फणसाला चार हिस्सेदार असतात आणि त्यातला एक तरी बडोद्याला नाहीतर मस्कतला असतो. घराला वर्षातले दहा महिने कुलूप असतं, म्हणून घर बेवारस होत नाही. चावी शेजारच्या काकींकडे असते, मालक डोंबिवलीला किंवा विरारला असतात, आणि चतुर्थीला येऊन तेच कुलूप उघडतात. सगळ्या गावाला हे ठाऊक असतं.

मग गाड्याच तेवढ्या बेवारस कशा होतात?

हा प्रश्न पोलीस ठाण्यांच्या आवाराकडे बघून पडतो. सिंधुदुर्गातच असं नाही, महाराष्ट्रात तुम्ही कुठेही असाल तरी जवळच्या ठाण्याच्या मागच्या बाजूला एकदा नजर टाका. मोटरसायकलींची रास, एकमेकींच्या अंगावर रेललेल्या. टायर बसलेल्या जीपा. काचा फुटलेली एखादी मारुती, तिच्या बॉनेटमधून वर आलेलं रान. आपल्याकडे तर पावसाळ्यात वेली त्यांच्यावर अशा चढतात की खाली गाडी आहे की कुंपण तेच कळत नाही. कुणाला विचारलं, "ही कोणाची?" तर उत्तर ठरलेलं. "देवाक म्हायत!"

देवाला माहीत असेलच. पण त्या गाडीला नंबर आहे, इंजिनावर नंबर आहे, चासीवर नंबर आहे, आरटीओकडे नाव आणि पत्ता आहे. देवाच्या खालोखाल सरकारलाही माहीत असायला हरकत नसावी.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२७ प्रमाणे सार्वजनिक जागी एखादी गाडी दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ सोडून दिलेली असेल, किंवा जिथे पार्किंगला बंदी आहे तिथे उभी असेल, तर गणवेशातला पोलीस अधिकारी ती टोचन करून न्यायला सांगू शकतो. मोडलेली, जळलेली, अर्धी सुटी केलेली गाडी वाहतुकीला धोका होत असेल तर दहा तास थांबायचीही गरज नाही. उचलण्याचा खर्च मालकाच्या माथी. इथवर सगळं ठीक आणि सरळ आहे.

पण हे दहा तास आपल्या जिल्ह्यात आणून बघा. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली, तेव्हापासून कुडाळ, कणकवली, सावंतवाडी या स्टेशनांवर दुचाकी लावून मुंबईला जाणं हा आपल्याकडचा रिवाज झालाय. माणूस तेराव्याला जातो, लग्नाला जातो, केईएमला आईची तपासणी करायला जातो. दोन दिवसांचे आठ दिवस होतात. गाडीवर धूळ बसते, कावळे आपली कामगिरी करून जातात. ती गाडी सोडून दिलेली आहे का? कायद्याच्या घड्याळात असू शकेल. गावाच्या घड्याळात नाही.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं, की गाडी उचलण्याआधी कुणीतरी विचारलं पाहिजे. हा भाबडेपणा नव्हे. विचारणं हेच पोलिसांचं खरं काम आहे, उचलणं हे क्रेनवाल्याचं.

यावर कुणी म्हणेल, अहो, सोडून दिलेल्या गाडीत काय असेल सांगता येतं का? अगदी बरोबर. १२ मार्च १९९३ ला मुंबईत बॉम्बस्फोट झाले त्या दिवशी वरळीत एक मारुती व्हॅन सोडून दिलेली सापडली. आत शस्त्रं होती. तिच्या नोंदणीवरून पोलीस माहीमच्या मेमन कुटुंबाच्या दारापर्यंत पोचले आणि अख्ख्या कटाचं टोक हाती लागलं. आणखी जवळचं उदाहरण द्यायचं तर १८ ऑगस्ट २०२२ चं. रायगडात हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक रिकामी बोट लागली, आत तीन एके ४७ रायफली! सगळ्या किनाऱ्यावर धावपळ उडाली, नाकाबंदी झाली. पण त्याच दिवशी तेव्हाचे गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधिमंडळात खुलासा केला, की बोटीचं नाव 'लेडी हान', मालकीण ऑस्ट्रेलियाची, मस्कतहून युरोपला जाताना जूनमध्ये इंजिन बिघडलं, माणसांना दुसऱ्या जहाजाने वाचवलं आणि बोट वाहत वाहत इकडे आली.

या दोन्ही गोष्टींत मला एकच दिसतं. सोडून दिलेलं वाहन हा साक्षीदार असतो. त्याला बोलतं करायचं म्हणजे "तू कोणाचा?" हे विचारायचं, आणि तेही लगेच. वरळीची व्हॅन नुसती टोचन करून आवारात नेऊन टाकली असती तर? रान उगवलं असतं तिच्यात. सुरक्षिततेसाठी गाडी उचलायची असेल तर ती उचलून विसरून जाणं ही सगळ्यात असुरक्षित गोष्ट झाली.

आता आवारातल्या बाकीच्या गाड्यांकडे वळू, कारण तिथे खऱ्या अर्थाने बेवारस थोड्याच असतात. बहुतेकींचे मालक जिवंत आहेत, कुठे राहतात तेही कागदावर आहे. आपल्या जिल्ह्यात गाडी अडकवून ठेवायची कारणंही खास आपली आहेत. अपघात सगळीकडे असतातच. पण आपल्याला गोवा लागून आहे, त्यामुळे बांद्याच्या बाजूने गोवा बनावटीची दारू आणताना पकडलेल्या गाड्या असतात. त्या राज्य उत्पादन शुल्क खातं नाहीतर पोलीस जप्त करतात. कर्लीच्या आणि कालावलच्या खाडीतली वाळू बिनपरवाना नेणारे डंपर असतात. ते महसूल खात्याकडे. आणि समुद्रात घुसखोरी करणारे परराज्यातले ट्रॉलर असतात. ते मत्स्य खात्याची माणसं पकडून सर्जेकोटच्या बंदरात आणून बांधतात. खाती वेगवेगळी, कायदे वेगवेगळे, पण पुढची कथा बरीचशी सारखीच. पकडताना धडाका असतो. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो असतो, गाडीच्या पुढे उभे राहिलेले अधिकारी आणि "अमुक लाखांचा मुद्देमाल जप्त" असा मथळा. त्या मुद्देमालाचं तीन वर्षांनी काय झालं, याचा फोटो कधी पाहिलाय तुम्ही?

ट्रॉलर पकडला की आत मासळी असते. तिचं काय करतात माहीत आहे ना? तिचा लिलाव ताबडतोब होतो आणि आलेले पैसे सरकारजमा होतात. खटल्याचा निकाल लागेपर्यंत बांगडा थांबत नाही, हे मत्स्य अधिकाऱ्यालाही कळतं आणि कायदा करणाऱ्यालाही कळलं. मासा कुसतो. त्याचा वास सुटतो आणि वास सुटला की सगळ्यांनाच घाई होते.

लोखंडसुद्धा कुसतं हो. फक्त त्याचा वास येत नाही.

आणि आपल्याकडे तर लवकर कुसतं. किनाऱ्याची खारी हवा आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. मालवणात नवीन घेतलेल्या सायकलीची चेन दोन पावसाळ्यांत लाल होते, मग उघड्यावर टाकलेल्या टेम्पोचं काय होत असेल?

हे मी ऐकीव सांगत नाही. माझा एक आतेभाऊ, आम्ही त्याला दादाच म्हणतो, छोटा टेम्पो चालवायचा. पहाटे बंदरावर मासळी भरायची आणि वरच्या बाजारपेठांत नेऊन पोचवायची. बँकेचं कर्ज होतं. एका वळणावर समोरून आलेल्या मोटरसायकलवाल्याशी टक्कर झाली. त्या मुलाचा पाय मोडला, जिवावरचं टळलं. पोलीस आले, पंचनामा झाला, टेम्पो ठाण्यात गेला. कुठलं ठाणं ते सांगत नाही आणि सांगायची गरजही नाही, कारण दुसरीकडे वेगळं झालं असतं अशी मला खात्री नाही. आरटीओच्या माणसाने येऊन ब्रेक तपासले. अहवाल गेला. त्यानंतर टेम्पोची पोलिसांना काही गरज उरली नव्हती.

पण दादाला ते कुणी सांगितलं नाही. तो दर आठवड्याला ठाण्यात जायचा. कधी साहेब बंदोबस्ताला गेलेले, कधी मुद्देमालाचा हवालदार रजेवर. "कोर्टाकडून सुटात ती" एवढंच उत्तर. गाडी सुपुर्दनाम्यावर सोडवून घेता येते, त्यासाठी कोर्टात साधा अर्ज करायचा असतो, हे त्याला कळेपर्यंत एक पावसाळा गेला. "कोर्टाची पायरी कोण चढतलो?" असं म्हणत घरच्यांनी आणखी काही महिने घालवले. शेवटी वकील गाठला, अर्ज झाला, हुकूम झाला. हुकूम मिळायला फार वेळ लागला नाही, ही त्यातली कडू गंमत. गाडी ताब्यात आली तेव्हा दुसरा पावसाळा संपला होता. बॅटरी गायब. डिझेलच्या टाकीत पाणी. सीट उंदरांनी खाल्लेली. हौद्याचा पत्रा हाताने तुटत होता. विम्याची मुदत संपलेली, पासिंग संपलेलं, आणि हप्ते मात्र सगळे चालू! दादा एवढंच म्हणाला, "गाडी मेळली रे, पण जीव नाय तिच्यात."

त्या अपघाताचा खटला पुढे चालला आणि दादा निर्दोष सुटला. शिक्षा त्याआधीच भोगून झाली होती.

माझा खरा आक्षेप हा आहे. गाडी अडकवणं ही शिक्षा नाही, असं कायदा म्हणतो. ती पुराव्यासाठी किंवा सुरक्षिततेसाठी केलेली तात्पुरती व्यवस्था आहे. पण ज्याचं पोट गाडीवर आहे त्याच्यासाठी ती शिक्षाच असते, आणि ती निकालाच्या आधी सुरू होते. दंड किती ते कोणी ठरवत नाही. तो पाऊस ठरवतो.

सर्वोच्च न्यायालयाने हे फार पूर्वीच ओळखलं होतं. १ ऑक्टोबर २००२ चा 'सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य' हा निकाल. प्रकरण मोठं बोलकं होतं. ठाण्यातल्या मुद्देमालात अफरातफर केल्याचा आरोप खुद्द पोलीस कर्मचाऱ्यांवर होता. त्यात न्यायालयाने सांगितलं, की जप्त केलेली वाहनं ठाण्यात वर्षानुवर्षं ठेवून काहीच साधत नाही. योग्य तो बॉण्ड आणि हमी घ्या, फोटो काढा, पंचनामा नीट करा आणि गाडी मालकाला देऊन टाका. मालक आला नाही तर विमा कंपनीला कळवा. तीही आली नाही तर लिलाव करा. हे सगळं सहा महिन्यांच्या आत व्हावं. पुराव्यासाठी गाडीचा सांगाडाच समोर हवा असं नाही, फोटो आणि पंचनामा पुरतो.

या निकालाला वीस वर्षं उलटून गेली. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम ४९७ मध्ये तर मुदतीच घालून दिल्यात. मालमत्ता कोर्टापुढे आल्यावर चौदा दिवसांत तिचं वर्णन तयार करायचं, फोटो किंवा व्हिडिओ काढायचे, आणि नंतर तीस दिवसांत तिचं काय करायचं याचा हुकूम द्यायचा. ज्यांचा मालकच कळत नाही त्यांच्यासाठीही वाट आहे. जाहीर प्रकटन द्यायचं, सहा महिने थांबायचं, कोणी हक्क शाबीत केला नाही तर सरकारने विकून टाकायचं. २०२१ च्या वाहन भंगार नियमांप्रमाणे जप्त आणि सोडून दिलेल्या गाड्या नोंदणीकृत भंगार केंद्रात पाठवायचीही सोय आहे. म्हणजे कायदा कमी पडतोय असं म्हणायला जागा नाही.

मग अडतं कुठे? इथे मला पोलिसांची बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती ऐकल्याशिवाय नुसती टीका करणं सोपं आहे. एका ठाण्यात माणसं मोजकी. शिमगा, जत्रा, चतुर्थी, निवडणूक, मंत्र्यांचे दौरे, सगळ्याला बंदोबस्त त्यांनीच करायचा. मुद्देमाल सांभाळणं हे कुणालाच आवडीचं काम नसतं, त्यात शाबासकी नाही. गाडी सोडली आणि पुढे खटल्यात तिच्यावरून वाद निघाला तर बोट त्या हवालदाराकडे. गाडी गंजली तर बोट कुणाकडेच नाही. अशा वेळी कुठलाही शहाणा माणूस काय करील? काहीच करणार नाही. आपण असतो तरी तेच केलं असतं. लिलाव करायचा तर आरटीओकडून मूल्यांकन आणा, चासी नंबर घासलेला असेल तर तो शोधा, मालकाच्या जुन्या पत्त्यावर नोटिसा पाठवा, कोर्टाचा हुकूम मिळवा. एका मोटरसायकलीमागे एवढी कागदपत्रं, आणि विकून यायचे ते भंगाराच्या भावाचे पैसे. ते सरकारजमा. ठाण्याला मोकळी जागा, एवढाच काय तो फायदा.

म्हणजे दुष्टपणा कुणाचाच नाही. पकडण्याचं काम कुणाचं ते ठरलेलं आहे, सोडण्याचं काम कुणाचंच नाही, एवढंच.

दुसरीकडे हे कसं करतात हे माझ्या भाचीकडून कळलं. ती कॅलिफोर्नियात शिकत होती. तिने पहिल्यांदा "कॅम्पस पोलीस" म्हटलं तेव्हा मला वाटलं वॉचमनबद्दल बोलतेय. आपल्याकडे कॉलेजात गेटवर काका असतात, स्टीलचा डबा आणि रजिस्टर घेऊन बसलेले. तिथे तसं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दहाही कॅम्पसवर विद्यापीठाचे स्वतःचे, अटक करण्याचे अधिकार असलेले पोलीस आहेत. आणि वर्ष संपलं की त्यांना जो उपद्रव होतो तो आपल्या स्टेशनसारखाच! मुलं पदवी घेऊन निघून जातात आणि गाड्या, सायकली तिथेच राहतात.

तर तिथल्या वाहन कायद्यात एक गोष्ट मला फार आवडली. पोलिसांनी गाडी उचलून नेली की अठ्ठेचाळीस तासांत, म्हणजे सुट्टीचे दिवस सोडून, मालकाला नोटीस पाठवावी लागते. गाडी कुठे ठेवलीय, का नेली, सगळं लिहून. मालकाने दहा दिवसांत मागितलं तर त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, आणि ही सुनावणी मागितल्यापासून पुन्हा अठ्ठेचाळीस तासांत. ऐकणारा माणूस त्याच खात्यातला चालतो, पण ज्याने गाडी उचलायला सांगितली तोच चालत नाही. आणि उचलायला योग्य कारण नव्हतं असं ठरलं तर टोचनाचा नि ठेवण्याचा खर्च त्या खात्याने भरायचा! वाचून मी जरा वेळ गप्पच बसलो.

तिकडे सगळं सोन्याचं आहे असं मुळीच नाही. गाडी ठेवायचं भाडं दिवसागणिक चढतं आणि गरीब माणसाला गाडीच्या किमतीपेक्षा सोडवण्याचा खर्च जास्त होतो. सॅन फ्रान्सिस्कोत तर केवळ दंड थकले म्हणून नीट उभ्या असलेल्या गाड्या वॉरंटशिवाय उचलत होते. २०२३ साली तिथल्या अपील न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. म्हणजे श्रीमंत देशातही उचलण्याचा हात सैल सुटतो आणि त्याला धरावं लागतं. फरक एवढाच, की तिथे गाडी गेल्यावर मालकाला दोन दिवसांत कळतं की ती कुठे आहे आणि कुणाशी भांडायचं. आपल्याकडे दोन पावसाळे जातात.

आपल्याकडे टोइंगवरून वाद झाले ते बहुतेक शहरांतले. नोव्हेंबर २०१७ मध्ये मालाडला एका गाडीत बाळाला घेऊन बसलेली आई असतानाच गाडी ओढून नेली, तो व्हिडिओ देशभर फिरला आणि पोलीस शिपाई निलंबित झाला. त्या वेळी चूक कुणाची यावर भरपूर चर्चा झाली. पण ती सगळी उचलतानाच्या दहा मिनिटांवर. उचलल्यानंतरच्या दहा वर्षांवर कुणी व्हिडिओ काढत नाही. काढणार तरी कसा, त्यात काही हलतच नाही.

आता उपाय. मी काही कायदेपंडित नाही, पण या गोष्टी कायदा न बदलताही करता येतील असं वाटतं.

पहिली गोष्ट, चिकटवायचा कागद. गाडी सोडून दिलेली वाटली तर आधी तिच्यावर तारीख घालून कागद लावा आणि पोलीस पाटलांना विचारा. आपल्या गावात पोलीस पाटलांना कुणाची म्हैस कुठे चरते तेही ठाऊक असतं, मोटरसायकल कुणाची ते का नसेल? धोका असेल तर अर्थात थांबू नका.

दुसरी गोष्ट, हातात द्यायचा कागद. गाडी जप्त केली की मालकाला त्याच दिवशी मराठीत एक पान द्या. गाडी कुठल्या कारणाने घेतली, कुठल्या कोर्टात अर्ज करायचा, सोबत काय लागतं, नाव आणि हुद्दा कुणाचा. दादाला असं एक पान मिळालं असतं तर त्याचा टेम्पो आजही रस्त्यावर असता. एका पानाची किंमत किती? झेरॉक्सचे दोन रुपये.

तिसरी गोष्ट, यादी. ठाण्यात उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीचा नंबर, चासी नंबर आणि आणल्याची तारीख ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि जिल्हा पोलिसांच्या संकेतस्थळावर लावा, दर तीन महिन्यांनी नवी. चोरीला गेलेली मोटरसायकल तिसऱ्याच तालुक्याच्या ठाण्यात उभी असते आणि मालक आशा सोडून नवी घेऊन बसलेला असतो, असं होऊ नये.

आणि चौथी गोष्ट, मिरगाच्या आधी लिलाव. आपल्याकडे सगळं पावसाच्या आधी उरकायची सवय आहे. कौलं चाळायची, लाकडं भरायची, होड्या वर ओढून झापांनी शाकारायच्या. तसंच दर वर्षी मे महिन्यात, ज्यांच्यावर कुणाचा हक्क उरला नाही त्या गाड्यांचा निकाल लावायचा. पावसात एक गाडी राहिली की तिच्या टायरात, डिकीत, फुटलेल्या दिव्यात पाणी साचतं आणि डासांची सोय होते, हा तोटा वेगळाच.

पोलिसांना एवढं सांगितलं, तर घरच्या माणसांनाही थोडं सांगू द्या. आपल्या किती खळ्यांत काकांची स्कूटर, अण्णांची जीप उभी आहे जिचे कागद अजून त्यांच्याच नावावर आहेत आणि त्यांना जाऊन चार-पाच वर्षं झाली? मालक वारला तर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नावावर करून घ्यायला अर्ज द्यायचा असा नियम आहे. २०२१ पासून गाडीच्या नोंदणीत वारसदार आधीच नेमून ठेवायची सोयही झालीय. आपण हे करत नाही. भावाभावांत विषय काढायला नको वाटतं. मग तीच गाडी कुणीतरी पुतण्या घेऊन जातो, कुठेतरी आपटतो, आणि पोलीस नोटीस पाठवतात ती वारलेल्या माणसाच्या नावाने. ती परत जाते. झाली गाडी बेवारस. वारस चांगले सहा जण असताना!

म्हणून वाटतं, की बेवारस हा गाडीचा गुण नाहीच. तो आपल्या नोंदींचा गुण आहे. घरच्यांनी नाव लावलं नाही, ठाण्याने कळवलं नाही, कोर्टात कुणी अर्ज केला नाही, लिलावाची फाईल कुणी हलवली नाही. प्रत्येकाने एकेक पाऊल मागे घेतलं की मधे गाडी एकटी उरते. मग वेली येतात.

येत्या मे महिन्यात गावी येणाऱ्या सगळ्या मुंबईकर, पुणेकर आणि परदेशकर नातेवाइकांना विनंती, की आंबे नेताना घरातल्या गाडीचे कागद एकदा काढून बघा. नाव कुणाचं आहे ते बघा. आणि तुमच्यापैकी कुणाची गाडी कुठल्या ठाण्यात अडकलेली असेल तर ओळख शोधत बसू नका. ओळखीने गाडी सुटत नाही, अर्जाने सुटते. वकिलाकडे जा, सुपुर्दनाम्याचा अर्ज द्या, आणि पाऊस सुरू व्हायच्या आत द्या.